कोठ्यातली आबाजींची जीप : किल्ली नंतर, आधी ब्रेक

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्ह्याजवळच्या एका गावात आबाजींची पेट्रोल जीप बावीस वर्षांपासून ढोरांच्या कोठ्यात उभी आहे. आरसी बुक आबाजींच्याच नावावर, पहिली नोंदणी १९६८ ची. आबाजी आता नाहीत. काका म्हणतात भंगारात द्या. मित्र म्हणतात डिझेल इंजिन टाका, रुंद टायर लावा. विचारणाऱ्या भावाला मात्र ती होती तशीच चालवायची आहे. त्यांनी विचारलं आहे, "ट्रॅक्टरला बांधून ओढली तर चालू होईल का, आणि पुढे काय काय करावं लागेल?"

भाऊ, ट्रॅक्टर काढू नका. ही एक गोष्ट आज ऐका, बाकीचं उत्तर सावकाश वाचलं तरी चालेल.

तेहतीस वर्षं मी तालुक्याच्या गावी गॅरेज चालवतो आहे. त्यातली निम्मी तरी जुन्या जीप, फियाट, अँबेसडर आणि जावा मोटरसायकली उघडण्यात गेली. शिकाऊ होतो तेव्हा एका कास्तकाराच्या वावरात नऊ वर्षं उभी असलेली जीप आम्ही अशीच दोरखंडानं ओढली होती. "लावून पाहू ना, एका झटक्यात निघते," असं सगळेच म्हणत होते, मीही म्हणालो. तिसऱ्या गिअरात क्लच सोडला, चाकं दहा-बारा फूट घासत गेली, मग आतून कट्ट असा आवाज आला आणि इंजिन फिरलं. हेड उघडल्यावर दिसलं की दोन पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजून चिकटल्या होत्या. रिंगा जागेवर राहिल्या आणि पिस्टनच्या खाचाच तुटल्या. बोअरवर नखभर खोल ओरखडे. तो कास्तकार मला वावगा शब्द बोलला नाही, पण त्या वर्षीच्या कापसाच्या पैशातून त्याला पिस्टन घ्यावे लागले. ती जीप हळूहळू सोडवली असती तर तेच पिस्टन आणखी चालले असते, हे मला नंतर कळलं. अजून रुतून आहे ते.

म्हणून तुमचा खरा प्रश्न "चालू कशी करू" हा नाही, "कोणतं काम आधी करू" हा आहे. माझा क्रम असा : कागद, मग थांबणं, मग वळणं, मग इंजिन, आणि रंग अगदी शेवटी. जवळपास सगळे जण उलटे जातात. इंजिन धडधडलं की घरातल्यांचा धीर सुटतो, पोरं बसतात, कोणीतरी गल्लीत फेरी मारायला काढतो, आणि पायाखाली ब्रेकच नसतो.

कागदांवर तुमचा पुढचा सगळा निर्णय अवलंबून आहे, म्हणून तिथून सुरू करू. आरसी बुकावरचा चेसिसचा (गाडीच्या खालच्या सांगाड्याचा) नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळतो का ते आधी बघा. गंज असेल तर तारेच्या ब्रशनं हळू घासा. ग्राइंडर त्या जागेच्या जवळही नेऊ नका, नंबर पुसला गेला तर गाडीची ओळखच गेली. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. काकांचं मत भंगाराचं आहे म्हणता, तर त्यांच्याशी हे आधीच मोकळेपणानं बोलून घ्या. गाडी चालती झाल्यावर वाद झाला की जीप पुन्हा कोठ्यात जाते, हे मी दोनदा पाहिलं आहे.

आता तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली, नेहमीची नोंदणी नूतनीकरणाची. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यापुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. तुमची मुदत कधीच संपली असेल, तेव्हा थकलेलं शुल्क आणि दंड किती होतो ते यवतमाळच्या परिवहन कार्यालयात विचारावं लागेल. दुसरी वाट व्हिंटेजची. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये त्याचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. पण चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. गाडी आधीपासून नोंदलेली असेल तर तिचा जुना नंबर कायम ठेवता येतो, 'व्हीए' अक्षरांची मालिका नव्यानं नोंदणी होणाऱ्यांसाठी आहे. मात्र व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच.

तेव्हा तुम्ही ठरवा. आठवडी बाजाराला, वावरात, लग्नाच्या वरातीला जीप न्यायची असेल तर पहिली वाट. वर्षातून दोनदा बाहेर काढून जपायची असेल तर दुसरी. मी असतो तर पहिलीच धरली असती. जीप हे कामाचं जनावर आहे, बांधून ठेवलं की अंगावर येतं. पण हा माझा स्वभाव झाला, तुमच्या गावचा रस्ता आणि तुमचा खिसा मला ठाऊक नाही.

डिझेल इंजिनाचंही इथेच सांगून टाकतो. आपल्या भागात पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक कास्तकारांनी जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवली. ज्यांची आरसी बुकात रीतसर नोंद आहे आणि जी तीस वर्षं चालली, ती मी बदलायला सांगत नाही, तोही त्या गाडीचा इतिहास झाला. पण तुमच्या जीपमध्ये मूळ पेट्रोल इंजिन बसलेलं आहे. ते काढलंत तर व्हिंटेजची वाट बंद. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय केलेला असा बदल नोंदणीतच अडकतो. आणि जड डिझेल इंजिनाच्या वजनानं पुढचे स्प्रिंगचे पाटे बसतात, थरथरीनं पत्र्याचे जोड सुटतात. मित्रांना सांगा, त्यांच्या हौसेसाठी दुसरी गाडी बघा म्हणावं.

आता कोठ्यात जाऊ. पहिल्या दिवशी हातात फक्त टॉर्च, काठी आणि मोबाईल घ्या. सीटखाली, डॅशच्या मागे, इंजिनाच्या बाजूला काठीनं आधी चाचपा. कुटाराजवळ उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. मण्यार मी स्वतः सीटच्या स्प्रिंगांमधून निघताना पाहिली आहे. मग काहीही न हलवता फोटो काढा. वायर कुठून कुठे जाते, कोणता पाइप कोणत्या क्लिपात आहे, कोणत्या बोल्टाला कोणता वॉशर आहे, सगळं टिपा. दोनशे फोटो झाले तरी जास्त नाहीत.

जीपचा प्रकारही तेव्हाच ओळखून घ्या. पुढच्या जाळीच्या उभ्या फटी मोजा. फौजी विलीजला (विलीज ही जीप बनवणारी अमेरिकन कंपनी) नऊ, आपल्या नागरी जीपला सात. १९६८ ची असेल तर बहुतेक उंच बॉनेटची सीजे-३बी निघेल. विलीजनं ती १९५३ मध्ये आणली आणि महिंद्रानं आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं बनवली. बॉनेट उंच का, तर आतलं इंजिन उंच. त्याला हरिकेन म्हणतात, २,२०० सीसीच्या आसपास, चार सिलिंडर. त्यात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. त्याआधीच्या इंजिनात दोन्ही खालीच होते, त्यामुळे त्याचं हेड सपाट ताटासारखं दिसतं. तुमच्या इंजिनावर वर लांबट झाकण असेल तर ते हरिकेन समजा. सुटे भाग मागताना हे सांगता आलं पाहिजे, नाहीतर दुकानदार हाताला येईल ते देतो.

विदर्भाच्या हवेचा एक उपकार आहे. आपल्याकडे समुद्राचा खारा वारा नाही, उन्हाळा कोरडा, त्यामुळे वरचा पत्रा सहसा धड मिळतो. पण तोच उन्हाळा रबर खातो, आणि कोठा खालून खातो. गोमूत्र आणि शेणाची ओल जिथे पोचली तिथला लोखंडाचा भाग पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून वरून चकाकणाऱ्या बॉनेटवर भाळू नका. उताणे झोपून चेसिसच्या पट्ट्या, पाटे चेसिसला जोडणारे शॅकल आणि ब्रेकचे पाइप स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं टोचा. टोक आत शिरलं तर तिथे खडूनं खूण करा. चेसिस धड असेल तर बाकी सगळं होण्यासारखं आहे.

चाकं फिरत नसतील तर ब्रेकचे शू ड्रमला चिकटले असणार. ड्रमवर हातोडा आपटू नका, बिडाचा असतो, तडकतो. अ‍ॅडजस्टर सैल करा, गंजावरचं तेल मारून रात्रभर ठेवा आणि लाकडी ठोकळा मध्ये धरून कडेकडेनं ठोका. निघतात.

ब्रेकवर मी एवढा भर का देतो ते सांगतो. या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकच मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा), तोही खाली पायाजवळ, चिखलपाण्यात. आजच्या गाड्यांना दोन वेगळे मार्ग असतात, एक फुटला तरी दुसरा थोडाफार धरतो. इथे एकाच नळीला केसाएवढी चीर गेली की पॅडल सरळ खाली आणि चारही चाकं मोकळी. हँडब्रेकही चाकांवर नसतो, मागे जाणाऱ्या शाफ्टच्या मुळाशी एका ड्रमवर असतो. तो उभ्या गाडीसाठी आहे, धावती गाडी त्यावर थांबवायला जाऊ नका. तेव्हा मास्टर सिलिंडर, चारही चाकांतले व्हील सिलिंडर, सगळ्या रबरी नळ्या आणि लोखंडी पाइप, यात जुनं काही ठेवायचं नाही. 'रबर किट टाकू, बाकी चालते' असं मिस्त्री म्हणाला तर सिलिंडरच्या आत बोट फिरवून पाहा. खड्डा लागला तर नवीन किटही महिन्यात गळेल. आणि ब्रेकमध्ये ब्रेक ऑइलच. एकानं माझ्याकडे आणलेल्या जीपमध्ये अडचणीच्या वेळी इंजिन ऑइल ओतलं होतं. आतली सगळी रबरं फुगून मशरूमसारखी झाली होती आणि ब्रेक लागले ते सुटेचनात.

आता इंजिन. चारही प्लग काढा. भोकातून टॉर्चनं आत बघा, गंजाचा लाल रंग किती आहे ते दिसेल. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल मिसळून सोडा आणि आठ दिवस विसरून जा. रोज संध्याकाळी थोडं घाला, एवढंच. नवव्या दिवशी गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना ते बघून पुढून हँडल लावा. जोर मारायचा नाही. पाव चक्कर पुढे, पाव मागे, जात्याचा खुंटा सैल करतात तसं. अडलं की थांबा, पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस. एका जीपला मला सव्वीस दिवस लागले होते. सव्विसाव्या दिवशी हँडल जड जड फिरलं आणि प्लगच्या भोकांतून काळं तेल उडून शर्टावर आलं. तो शर्ट मी अजून धुऊन वापरतो, डाग काही गेला नाही.

हँडल धरताना अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा भोवती वळवू नका. पुढे इंजिन सुरू करताना ठिणगीचं टायमिंग चुकलं तर हँडल उलटा झटका देतं, आणि अंगठा मध्ये असेल तर हाड जातं. आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांचे वाकडे अंगठे पाहिले असतील तुम्ही.

इंजिन मोकळं झालं तरी लगेच पेट्रोल ओतू नका. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. बावीस वर्षांत आतल्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो आणि वास वार्निशसारखा येतो. टाकी काढून टाक्या-रेडिएटरवाल्याकडेच द्या. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत वाफ कोंडलेली असते. घरच्या घरी तिच्यावर वेल्डिंग मारू नका, कोणी म्हणालं तरी नाही. कार्बोरेटर आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीची मातीची घरं असतात, ती तारेनं कोरून काढा. आणि आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे हे ध्यानात धरा. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मऊ करतं. फ्युएल पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच मागा. जीप महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका.

वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असणार. तुकडे जोडत बसण्यापेक्षा जुना हारनेस (वायरींची जुडी) नमुना म्हणून समोर ठेवून नवा बांधून घ्या, आणि फ्यूज घाला. फार खर्चाचं काम नाही.

स्टार्टरकडे मात्र जरा थांबतो, कारण हे मला फार आवडतं. बटण दाबल्यावर स्टार्टर नुसता गरगरत असेल आणि इंजिन फिरत नसेल, तर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या, कडेची दातेरी रिंग बघा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा दोनच जागी थांबतं, म्हणून दातही त्याच दोन जागी झिजतात, बाकी रिंग कोरी असते. ही रिंग फ्लायव्हीलवर बोल्टनं बसवलेली नसते. बंडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवतो तशीच ती बसवतात. गोवऱ्यांच्या आरात धाव लाल करायची, फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि पाणी मारायचं. चर्र करून ती आवळते आणि चाकाचे आरे करकर वाजत जागच्या जागी घट्ट होतात. रिंगचंही तेच, फक्त तिला लाल करायचं नसतं, दातांची कडकी जाते. बेतानं तापवायची, बसवायची, आपोआप गार होऊ द्यायची. झिजलेली रिंग तापवून काढली आणि पाव फेरा फिरवून परत बसवली की कोरे दात स्टार्टरसमोर येतात. नवीन रिंग मिळत नव्हती तेव्हा माझ्यासमोर हे काम एका लोहारानं केलं. त्यानं आयुष्यात इंजिन उघडलं नव्हतं, पण रिंग किती तापली ते तो वर थुंकीचा थेंब टाकून ओळखत होता. तुमच्या गावात धाव चढवणारा कोणी उरला असेल तर त्याला जीप दाखवा. उपयोगी पडेल.

पत्रा आणि रंग. माझ्या वहीत बघाल तर जवळपास प्रत्येक जुन्या जीपवर इंजिनापेक्षा पत्र्या-रंगाला जास्त पैसे गेले आहेत. जीपचा पत्रा सरळसोट, त्यामुळे कोणताही डेंटर म्हणतो, "कापून नवीन मारून देतो." तिथेच सांभाळा. सडलेला तेवढाच कापा. पुट्टीचे थर देऊ नका, दोन उन्हाळ्यांत फुगतात. मूळ रंग कोणता होता ते डॅशच्या मागच्या अंगाला आणि डॅशवरच्या पाटीखाली सापडतं. उन्हानं तिथे पोचायला जागा नसते.

तुम्ही लिहिलंय की मागच्या पट्टीवर आबाजींनी वेल्ड करून घेतलेली एक जाड कडी आहे आणि मित्र ती 'ओरिजिनल नाही' म्हणून कापायला सांगतात. नका कापू. कंपनीनं दिलेली नाही हे खरं, पण ती कंपनीच्या नंतरच्या पन्नास वर्षांतली आहे, आणि ती वर्षं तुमच्या घरची आहेत.

तुमच्या दारव्ह्यावरूनच जाणारी शकुंतला आठवते ना? यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, अडीच फुटी रुळांची, कापूस वाहायला घातलेली. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलं आणि १९९४ च्या एप्रिलपर्यंत गाडी ओढत होतं. सत्तर वर्षं ते काही जादूनं चालले नाही. जे झिजलं ते इथल्या माणसांनी इथेच बदललं आणि जे धड होतं त्याला हात लावला नाही. लहानपणी मी त्या गाडीतून आजोळी जायचो. चढावर ती इतकी हळू व्हायची की माणसं उतरून चालत जाऊन पुढे पुन्हा चढायची. आज रुळांत गवत आहे. ती उभी राहिली ती इंजिन खराब झालं म्हणून नव्हे. तुमची जीप तर तुमच्या कोठ्यात आहे, तिचं काय करायचं ते तुमच्या हातात आहे.

खर्चाचा आकडा मी न बघता सांगणार नाही, सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. पण टप्पे पाडता येतात. या हंगामात कागद आणि ब्रेक. पुढच्या कापसावर इंजिन आणि वायरिंग. रंग त्याच्या पुढच्या वर्षी. मधल्या काळात जीप कोठ्यातून काढून चार विटांच्या ठोकळ्यांवर टेकवा, चाकं अधांतरी, खाली प्लॅस्टिकचा कागद, वर ताडपत्री सैल टाकलेली. घट्ट बांधलीत तर आत दमट हवा कोंडते.

मला तीन फोटो पाठवा : चेसिस नंबरची पाटी, बॉनेट उघडून दोन्ही बाजूंनी इंजिन, आणि कोणत्याही एका चाकाचा ड्रम काढून आतून. आणि तुमची आजी आहे म्हणता, तर तिला त्या कडीला काय जोडायचे ते विचारा. फवारणीची टाकी की कापसाची बंडी, तिला नक्की ठाऊक असेल. वेल्डर यायच्या आधी विचारा.